वाढव

१

आमच्या दुकानाची पाटी दुकानापेक्षा लांब आहे. ‘सृष्टी झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म व स्पायरल बाइंडिंग’ एवढं सगळं आठ फुटी शटरच्या वर मावेना, म्हणून पेंटरनं शेवटचा ‘बाइंडिंग’ शेजारच्या शिवमूर्तींच्या स्टेशनरीवर नेऊन लिहिला. शिवमूर्ती भले गृहस्थ, त्यांनी उलट पेंटरची शिडी धरली.

आतली जागा आठ बाय बारा. दोन फुटी फरश्या, रुंदीला चार आणि लांबीला सहा. हे मला पाठ आहे, कारण रोज सकाळी त्या पुसायला दुसरं कोणी येत नाही.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत दुकान असलं की गिऱ्हाइकाची वाट बघावी लागत नाही. पुढं काउंटर, काउंटरच्या आत मी आणि कॉम्प्युटर. माझ्या पाठीमागं एक फरशी सोडून बाइंडिंगचं टेबल, आणि टेबलापलीकडं मागच्या भिंतीला खुर्ची टेकवून आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कोंडाबाई. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना घरी एकटं बसवत नाही, पण पंचिंग मशीन त्या माझ्यापेक्षा झकास चालवतात. मी छापलेला गठ्ठा न बघता मागं करायचा, त्यांनी घ्यायचा, खट् खट् भोकं पाडायची आणि स्प्रिंग ओवायची.

तोंडही तसंच चालतं. काउंटरवर पोरगी आली की, ‘ही जेवत न्हाई वाटतं.’ पोरगा आला की, ‘ह्याच्या मायनं ह्याला फोन कामून करंना?’ हे सगळं माझ्या कानाच्या मागं, वीतभर अंतरावरून. दिवसातून दहा वेळा वाटायचं, आमच्या दोघींत आणखी थोडी जागा असती तर काय बिघडलं असतं. मी ते नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. बालाजी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क आहेत, शनिवारी घरी येतात. ते म्हणाले, ‘मलाच हितं खुर्ची ठेवायला जागा न्हाई, तुला कुठून देऊ?’

पण खरं सांगायचं तर हे दुकान आत्याबाईंमुळंच आहे. सुनेला बाजारात बसवता का म्हणून सगळ्या भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘ती एकली न्हाई बसणार, मी बसते की संगं.’ आणि खरोखर येऊन बसल्या. त्यांच्याशिवाय त्या दुकानात बसणं मला जमायचं नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

२

अडचण दुपारची होती. एक वाजता मी माझ्या लेकीला, सृष्टीला, शाळेतून आणायला जाते. तिला घरी सोडून, जेवून, यायला चार वाजतात. तेवढा वेळ शटर अर्धं खाली ओढलेलं आणि आत आत्याबाई खुर्चीत डुलकी काढताहेत. कॉम्प्युटर चालू ठेवावा तर तापतो. बंद करावा तर चालू व्हायला चहाची दोन आधणं होतात. एकदा त्यांनी त्याचा आवाज सहन न होऊन भिंतीवरचं बटणच दाबलं आणि एका पोरीचा अर्धा भरलेला स्कॉलरशिपचा फॉर्म गेला. ती पोरगी काउंटरवर रडली, मग आत्याबाई रडल्या, मग मी दोघींना चहा पाजला.

बालाजी फोनवर म्हणाले, ‘अगं, शटडाऊन करायचंच न्हाई. स्लीप करायचं. डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून देतो. माय नुसतं दोनदा टिक टिक करील.’

मी राइट क्लिक केलं, न्यू, शॉर्टकट. पांढरी चौकट आली.

‘आता सांगतो तसंच्या तसं टाईप कर. आर रेणापूरचा, यू उदगीरचा, एन नांदेडचा, डी देगलूरचा, एल लातूरचा, एल लोह्याचा. त्याला चिकटून बत्तीस.’

रेल्वेत राहून माणसाला सगळीकडं गावं दिसतात. पुढं परभणीचा पी घेऊन आम्ही पॉवरपर्यंत आलो.

‘पॉवरमधला ई राहिला की,’ मी म्हणाले.

‘ई न्हाई त्यात.’

‘असं कसं?’

‘आता ज्यानं लिव्हलं त्यानं लिव्हलं, वर्षा. तू कामून त्याचा पेपर तपासून राहिलीस?’

मग स्वल्पविराम, मग एक लांबलचक शब्द, मग शून्य, एक, शून्य. नेक्स्ट दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, याचं नाव काय ठेवायचं? मी सरळ ‘झोप’ असं टाईप केलं.

खांद्यामागून आत्याबाई वाकल्या. चौथी शिकलेल्या आहेत, पाटीवरचं सगळं वाचतात.

‘हे काय लिव्हलं? पूस आधी.’

‘कॉम्प्युटर झोपतो ना, म्हणून.’

‘चालत्या दुकानात झोप लिव्हतंय का कुणी? आमच्या जळकोटात त्या रामलिंगाचा धंदा झोपला, तर लोक अजून सांगून राहिलेत.’

‘मग बंद लिहू?’

त्यांनी दोन्ही गालांवर हलकेच मारून घेतलं. ‘भरल्या जागी बंद म्हणू नये माय. आपण दुकान बंद करतो का? वाढवतो. नारळ फोडतो का? वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. वाढव लिव्ह.’

फोनवर बालाजी हसत होते. ‘लिव्ह वाढव. त्याला नावाचं काय, नाव काही बी दिलं तरी काम तेच करतो.’

मी ‘झोप’ खोडून ‘वाढव’ लिहिलं. चित्र निवडायची सोय होती, त्यात बारकं हिरवं झाड निघालं. आत्याबाईंनी पडद्यावर बोट टेकवून तेच घ्यायला लावलं. मग स्वतः माउस धरला आणि दोनदा टिचकी मारली. पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि कित्येक महिन्यांनी मी आमच्या दुकानाची शांतता ऐकली.

३

तीन दिवस आम्ही त्या झाडावर खूश होतो. एक वाजला की आत्याबाई काठी टेकत पुढं यायच्या, ‘वाढवते बरं का,’ म्हणून शिवमूर्तींना ऐकू जाईल असं सांगायच्या आणि टिक टिक करून परत खुर्चीत जाऊन बसायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी गठ्ठा मागं केला आणि तो कोणी घेतलाच नाही.

मान वळवली. आत्याबाई हात पुढं करून बसल्या होत्या. माझाही हात पूर्ण लांब होता. दोन हातांच्या मध्ये हात-दीड हात जागा रिकामी होती.

‘टेबल मागं ओढलं का तुम्ही?’

‘मागं कुठं ओढू? पाठीला भिंत हाय.’

खरंच होती. मी उठून गठ्ठा दिला आणि कामाला लागले. फॉर्मची शेवटची तारीख असलेली बारा पोरं काउंटरवर असताना माणूस असल्या गोष्टीचा विचार करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसताना मात्र फडकं शेवटच्या फरशीवर गेलं आणि मी उकिडवी बसूनच मोजलं. दहा झाल्या. पुन्हा मोजलं, तरी लांबीला दहाच फरश्या.

माझा स्वभाव घाबरट नाही. मी आधी स्वतःच्या गणिताला दोष दिला. नंतर आठवणीला. सहा नसतीलच, आठ बाय वीस असेल, आपण उगाच आठ बाय बारा म्हणत होतो. पण करारपत्र मीच टाईप केलं होतं, आणि त्यात आठ बाय बारा लिहिलं होतं.

जादाच्या चार फरश्या नव्या नव्हत्या, हे मला जास्त खटकलं. जुन्यांइतक्याच मळलेल्या होत्या. एकीवर तर टोनर सांडल्याचा डाग होता. आत्याबाईंच्या डोक्यावरची ट्यूबलाइट भिंतीबरोबर मागं गेली होती, आणि तिची वायर तेवढीच लांब होऊन भिंतीवरून गेली होती, वीतवीतभर अंतरावर क्लिपा ठोकून, अगदी नीट.

४

शिवमूर्तींकडून टेप आणला. आतून वीस फूट भरले. मग मी बाहेरून कॉम्प्लेक्सच्या मागं गेले, नालीच्या कडेनं चपला सांभाळत. मागची भिंत आपल्या जागी होती. सगळ्या गाळ्यांच्या भिंती एका ओळीत, आमची एक इंचही बाहेर नाही. शिवमूर्तींच्या गाळ्याची लांबी मोजली, बारा फूट.

‘काय झालं वहिनी?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही, कपाट करायचंय.’

बालाजींना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, ‘टेप बदल. सस्ता टेप ताणला जातो.’

‘आतच ताणला जातो का? बाहेर जात नाही?’

‘मग चांगलं हाय की. तुलाच जागा पायजे होती ना?’

हो, मलाच पाहिजे होती. आणि लाज वाटते सांगायला, पण ती जागा मला आवडली. पोरांना बसायला बाकडं ठेवलं. कागदाचे खोके पायांतून निघाले. आत्याबाईंच्या टीका आता शब्दन् शब्द ऐकू येत नव्हत्या, नुसती कुजबूज यायची, आणि कुजबूज ऐकत टायपिंग फार छान होतं. बालाजी शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी शटर खालीच असायचं, त्यामुळं त्यांनी दुकान बघितलंच नाही. गिऱ्हाइकांपैकी एकानंही काही विचारलं नाही. एक जण फक्त म्हणाला, ‘मावशी, आतून बरंच मोठं हाय की दुकान.’ मी म्हणाले, हो, वाढवलंय.

तसं म्हणाले आणि हात की-बोर्डवर थांबले. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं झाड होतं आणि त्याच्याखाली तो शब्द होता. रोज एक वाजता आत्याबाई तो दाबत होत्या, आणि रोज एक फरशी येत होती. मी स्वतःलाच हसले. शून्य, एक, शून्य. त्यात फरशीचा काय संबंध? कॉम्प्युटरला मराठी कुठं येतं? आणि हे सगळं मनात असताना एक वाजला, मी पर्स उचलली आणि आत्याबाईंना अडवलं नाही.

५

सोळा फरश्या झाल्यावर आवाज मागं पडू लागला.

मी मान वळवून बघायची. लांब तिकडं ट्यूबखाली आत्याबाई मशीनचा दांडा खाली दाबायच्या. दांडा खाली जायचा, वर यायचा, त्या पुढचा कागद लावायच्या, आणि मग माझ्यापर्यंत ‘खट्’ यायचं. मी हाक मारली की त्या थोड्या वेळानं मान वर करायच्या. माझ्या ट्यूबचा उजेड संपायचा तिथं अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता, आणि मग त्यांच्या ट्यूबचा उजेड सुरू व्हायचा. भर दुपारी, बाहेर ऑटोचे हॉर्न वाजत असताना, आत गठ्ठा घेऊन जाताना मी त्या मधल्या तीन-चार फरश्या भरभर ओलांडायची.

त्यांना मात्र कसलीच फिकीर नव्हती. उलट तब्येत सुधारली. ‘तुझ्या मशीनची घरघर न्हाई हितं. लई शांत वाटून राहिलं.’

सोमवारी गठ्ठे आणायला गेले तर टेबलावर एक जादाची वही होती. तिला गुलाबी स्प्रिंग होती. आम्ही काळी आणि निळी दोनच ठेवतो.

‘ही कोणाची?’

‘गिऱ्हाइकाची.’

मी वही उघडली. दीडएकशे पानं होती. पहिलं कोरं, मधलं कोरं, शेवटचंही कोरं. पण कडा मळल्या होत्या, हजारदा उलटल्यासारख्या.

‘आत्याबाई, यात काहीच छापलेलं नाही.’

‘त्यानं कोरीच बांध म्हणलं. आपल्याला काय, बांधून दिलं. स्प्रिंग बी त्यानंच आणलती.’

‘मी काउंटरवरच होते. माझ्यासमोरून कोणी आत आलं नाही.’

‘तुझ्या अंगानं न्हाई गं,’ त्या म्हणाल्या आणि अंगठ्यानं पाठीमागं खूण केली. ‘ह्या अंगानं.’

त्यांच्या पाठीला भिंत होती. निदान मला तेव्हा ती भिंतच वाटली. ट्यूबचा उजेड डोळ्यांवर येत होता आणि मी नीट बघितलं नाही, हे मी कबूल करते.

६

त्या संध्याकाळी घरी मी त्यांना सांगितलं, उद्यापासून ते झाड दाबायचं नाही.

‘कामून?’

‘तुम्ही लांब जाताय.’

‘मी कुठं जाऊन राहिले? मी तर खुर्चीत बसले.’ त्या भाकरी मोडत होत्या, हसत होत्या. ‘आधी म्हणायचीस जागा न्हाई. आता जागा झाली तर तुझ्या पोटात दुखून राहिलं.’

‘तो माणूस कोण आहे?’

‘लई सभ्य हाय. त्याचं बी असंच दुकान हाय, लहानसं. एकलाच असतो. गिऱ्हाईक न्हाई म्हणतो बिचारा.’ मग त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि माझ्याकडं जरा लाजून बघितलं. ‘मला म्हणला, आमच्या इकडं या की बसायला. चार पावलं बी न्हाईत.’

सृष्टी शेजारी बसून वरण ओरपत होती, म्हणून मी आवाज चढवला नाही. मी म्हणाले, ‘आत्याबाई, तुम्ही तिकडं गेलात तर मी दुकान चालवणार नाही. मला जागा नको. तुम्ही माझ्या मागं बसून कटकट करा, दिवसभर करा.’

‘येडी हाय,’ त्या म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरले. माझेही भरले होते.

रात्री बालाजींचा फोन आला. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. कोरी वही आणि तिकडच्या अंगाचं दुकान ऐकून त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, ‘नावच बदल. वाढव नको, बंद माय म्हणू देणार न्हाई. आवर लिव्ह. दुकान आवरतात बी म्हणतोच की आपण.’

‘आणि?’

‘आणि दाबायच्या वेळी माय तुझ्याजवळ पायजे. लांब नको. एवढं बघ.’

७

सकाळी आत्याबाई हट्टानं जाऊन मागंच बसल्या. मी झाडावर राइट क्लिक केलं, रिनेम, ‘आवर’. एकच शब्द, पण तो तीनदा लिहावा लागला. गिऱ्हाइकांना जेवणाची सुट्टी सांगितली, शटर अर्धं ओढलं आणि त्यांना आणायला निघाले.

फरश्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, तरी तोंड मोजतच होतं. मधल्या भागात पोचले तेव्हा पाठीमागच्या रस्त्याचा आवाज कमी होत होत बंद झाला. चोविसाव्या फरशीवर टेबल होतं. आत्याबाई खुर्ची उलटी फिरवून बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं, आणि कोणाशी तरी बोलत होत्या.

त्यांच्या पुढं भिंत नव्हती.

फरश्या तशाच पुढं गेल्या होत्या. सहा असतील. त्यांच्या शेवटाला एक काउंटर होता, काउंटरच्या अलीकडं एक माणूस आमच्याकडं पाठ करून बसला होता, आणि त्याच्यासमोर पडदा उजळलेला होता. त्याच्याही पलीकडं अर्धं ओढलेलं शटर होतं. शटरखालून ऊन येत होतं आणि उन्हात रस्त्यानं जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. पुष्कळ पाय होते. सगळे एकाच दिशेनं चालले होते, आणि चपलेचा सुद्धा आवाज येत नव्हता.

‘चला,’ मी म्हणाले आणि त्यांचा दंड धरला.

‘थांब की, बोलणं चालू हाय.’

‘घरी चला आत्याबाई.’

माझा आवाज ऐकून त्या उठल्या. गुडघा आखडला होता, काठी घसरत होती. मी त्यांना जवळजवळ कमरेवर घेऊन निघाले. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आमची खुर्ची नव्हती ती. आत्याबाई मान वळवून म्हणाल्या, ‘येते बरं का बाबा,’ आणि मी मान वळवली नाही. मधला उजेड ओलांडला, रस्ता ऐकू आला, एका ऑटोवाल्यानं कोणाला तरी शिवी दिली आणि मला ती शिवी ओवीसारखी गोड वाटली.

त्यांना काउंटरपाशी उभं करून एक हात त्यांच्या हातात ठेवला, दुसऱ्यानं माउस धरला. तेव्हा मात्र बघितलं. तिकडं ट्यूबखाली, आमच्या टेबलाजवळ, तो उभा होता. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. तो टेबलावरची गुलाबी वही उचलत होता.

मी दोनदा टिचकी मारली.

पडदा काळा झाला आणि दुकान आवरलं. निऱ्या हातात गोळा व्हाव्यात तशा फरश्या आल्या, काही आवाज न करता. मी डोळे मिटून उघडले तर माझ्या मागं एक फरशी, मग टेबल, मग रिकामी खुर्ची, मग भिंत. मी गुडघ्यांवर बसून हातानं चाचपून मोजलं. सहा. मी हसत होते की रडत होते कोण जाणे, पण शिवमूर्ती वाकून शटरखालून विचारत होते, वहिनी, काही पडलं का?

८

दुसऱ्या दिवशी मी त्या झाडाचं नाव सरळ ‘झोप’ करून टाकलं. आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण पुसायला लावलं नाही.

दिवस फार छान गेला. सकाळपासून गर्दी होती. आत्याबाई माझ्या कानामागं होत्या, ह्याची दाढी, तिचा घसा, कोणाची माय फोन करत नाही, सगळं वीतभर अंतरावरून. मी मागं न बघता म्हणाले, ‘आत्याबाई, तुम्ही इथं बसता म्हणून मी बसते.’ त्या म्हणाल्या, ‘ठाव हाय मला.’

एकला गर्दी ओसरली. मी पर्स घेतली, माउसवर हात ठेवला, आणि दोनदा टिचकी मारून कॉम्प्युटर झोपवला. पंखा थांबला. काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्याचा मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या टेबलावर येऊन बसले.

‘काल काय एवढं बोलत होतात त्याच्याशी?’ मी विचारलं. आता विचारायला भीती वाटत नव्हती.

‘काही न्हाई. धंद्याचंच.’ त्या स्प्रिंग ओवत होत्या. ‘सांगितलं त्याला, माझी सून ते बटण काढून टाकणार म्हणते. तर तो म्हणला, कसलं बटण? त्याच्याकडं बी हाय की गं तसंच. दुपारी दाबतो म्हणे.’

‘बरं मग?’

‘त्याच्यावर त्यानं झोप लिव्हलं होतं. मग गिऱ्हाईक कुठून येईल? मी म्हणलं, बाबा, ते आधी पूस. चालत्या दुकानात असलं लिव्हू नये. वाढव लिव्ह.’

आमचा कॉम्प्युटर झोपलेला होता, माउस काउंटरवर एकटा पडला होता. आत्याबाईंच्या पाठीमागं, भिंतीच्या पलीकडून, अगदी जवळून दोनदा टिचकी वाजली.

खुर्चीचे मागचे पाय फरशीवर घासले. खुर्ची, आत्याबाई, टेबल आणि टेबलावर बसलेली मी, सगळं एकदम पुढं सरकलं आणि माझे गुडघे माझ्याच रिकाम्या खुर्चीला लागले. मी खाली बघितलं आणि भिंतीपासून शटरपर्यंत मोजलं. सहाच्या पाच फरश्या झाल्या होत्या. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि शटरकडं ओढू लागले.

‘अगं हळू,’ आत्याबाई पदर सारखा करत म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. ‘येवढं काय त्यात? त्याचं बी दुकान वाढलं पायजे का न्हाई?’